पाटी उतरवली तो मंगळवार

करारात लिहिलेलं होतं : पाटी कंपनीची.
इमारत ट्वेटनची, विजेचं बिल ट्वेटनचं,
साठ फुटी खांबसुद्धा ट्वेटनचाच,
वरची तांबडी अक्षरं तेवढी कंपनीची.
म्हणून फार्गोहून क्रेन आली,
दोन पोरं, त्यातलं एक सारखं नाक ओढत,
आणि मर्लिननं त्यांना कॉफी दिली.
मला त्या कॉफीचा राग आला.

मी पार्ट्सच्या काउंटरवर होतो, एकतीस वर्षं.
लोक दारातूनच आवाज काढून दाखवायचे :
वळताना कर्रर्र, मग ठक्.
मी म्हणायचो, डावीकडचं बेअरिंग,
चौथा कप्पा, आहे आपल्याकडे.
नसलं, तरी गुरुवारी येतंय म्हणायचो,
आणि ते गुरुवारी यायचं.

पत्र मार्चमध्ये आलं. चार पानं.
दर्शनी भिंत काचेची करा, फरशी राखाडी,
चार्जिंगचे दोन खांब, बसायला पांढरे कोच.
शेवटी खर्चाचा आकडा.
मर्लिननं तो वाचला नाही, नुसतं बोट ठेवलं.
वर्षाला आमच्या एक्केचाळीस गाड्या जात,
त्यातल्या सहा त्याच्या मेव्हण्यांकडे.

त्याच्या बापानं धंदा काढला तो लोहाराच्या शेडमध्ये.
दाखवायला गाडी एकच, तीही स्वतःची.
जुनी गाडी घेऊन नवी द्यायची हे ठीक,
पण म्हाताऱ्यानं एकदा गाडीच्या बदल्यात पियानो घेतला.
तो शोरूममध्येच राहिला. वाजवणारं कुणी नाही.
त्यावर टायरचे दर ठेवलेले असत,
आणि नाताळात एक प्लास्टिकचं झाड.

शाळेला दरवर्षी एक गाडी फुकट दिली जाई, शिकायला.
ऑस्टबीतल्या प्रत्येक माणसानं
आयुष्यातला पहिला कचऱ्याचा डबा
ट्वेटनच्या गाडीनं उडवलाय.
माझ्या बायकोनं तर दोन.

आता माझ्या पुतण्यानंच फोनवरून गाडी घेतली.
रात्री ट्रेलरवरून आली, अंगणात उतरली.
किंमत ठरलेली; घासाघीस नाही,
हातात हात नाही, जाताना कॅलेंडर नाही.
स्वस्त पडली म्हणतो. पडली असेल.
दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला,
बॉनेट कुठून उघडतं विचारायला.
मलाही सापडलं नाही.

समोरच्या बोर्गहिल्डबाईंनी
वीस वर्षं नगरपालिकेला अर्ज केले :
पाटीचा उजेड थेट उशीवर येतो.
अक्षरं खाली येताना त्या पायरीवर उभ्या होत्या,
स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून.
म्हणाल्या, जवळून केवढी मोठी आहेत.
मग म्हणाल्या, यातलं एखादं ठेवता येतं का?
नाक ओढणारं पोर म्हणालं, नाही बाई, मोजलेली आहेत.

मर्लिन काही बोलला नाही.
किल्ल्यांच्या फळीवरून एकेक किल्ली काढत होता,
जास्तीच्या किल्ल्या, लोकांनी विश्वासानं ठेवलेल्या.
कितीतरी गाड्या भंगारात गेल्या,
कितीतरी माणसं चर्चमागच्या टेकडीवर.
फेकवेना. देणार तरी कुणाला?
एका कॉफीच्या डब्यात भरून
डबा पियानोवर ठेवला.
पियानो दारातून निघतच नाही.
आत कसा आणला होता, ते म्हाताऱ्यालाच ठाऊक.

आता सर्वांत जवळची डीलरशिप ब्याण्णव मैलांवर.
तिथे नंबर लावायचा, कोचावर बसायचं,
आपला नंबर पडद्यावर येईपर्यंत.
बरी माणसं आहेत. आवाज काढून दाखवला
तर हसतात, म्हणतात, मशीन लावून बघू.

फोनची लाइन महिनाअखेरपर्यंत चालू आहे.
काल वाजला. एल्मर रुस्टाड,
चौऱ्याण्णवचा ट्रक, पाण्याचा पंप.
मी कॉम्प्युटर आधीच गुंडाळला होता,
कप्पे रिकामे, टेप लावलेली खोकी.
तरी नंबर तोंडातून बाहेर पडला,
अकरा आकडे, मधल्या रेघांसकट.
तिकडून पेन्सिलचा आवाज.
मग एल्मर म्हणाला, बरं, गुरुवारी येऊ?

आणि मी,
काय सांगू,
हो म्हणालो.