निम्मा करंट

परदेशी दिव्याची किंमत मी एकदाच विचारली.
बेचाळीस हजार, म्हणाला, आणि फोन न ठेवता
माझ्या गप्प बसण्याची वाट बघत राहिला.
तेवढ्यात अशोक चौकात
जुना माग येतो, मोटारीसकट.

म्हणून भंगार.
सरकत्या खिडकीची अ‍ॅल्युमिनियम पट्टी, किलोवर,
बंद पडलेल्या कॉम्प्युटरचे दोन पंखे,
आणि टपालानं आलेले चोवीस एलईडी:
सोळा गडद निळे, आठ पांढरे.
आईनं ते तांदूळ निवडावेत तसे तळहातावर पसरले.
"राजेशम, एवढ्याशांत समुद्र?"

दिवसा मी जकार्डचे पत्ते ठोकतो.
भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली.
रात्री चौकटीच्या वहीत तेच:
इथे निळा, इथे पांढरा, इथे काही नाही.
दोन पांढरे शेजारी आले की वाळूवर पट्टा पडतो,
चुकलेल्या बाण्यासारखा. मला तो लांबून दिसतो.

मे महिना. बाहेर त्रेचाळीस,
टाकीत अठ्ठावीसच्या वर जाऊ द्यायचं नाही.
पंखा पाण्यावर फुंकर घालतो,
पाणी उडतं, मीठ राहतं,
उडालेलं गोड्या पाण्यानं भरायचं
आणि नळ पाचव्या दिवशी, पहाटे तीनला.
"तुझा समुद्र रोज दोन तांबे पितो,"
घागरी मोजत आई म्हणते.

पहिल्या रात्री सातशे मिलिअँपिअर सोडले.
घर निळं झालं. आईचं सूप निळं,
तेंदूचं पान काळं, तंबाखू काळा,
बिडीचा गुलाबी दोरा तेवढा पेटल्यासारखा.
"ह्या उजेडात फाटकं पान कळत नाही,
कारखान्यात हजारात शंभर छाटतील,"
आणि पुढचं तेलुगूत,
कारण शिव्या ती तेलुगूतच देते.
मी ऐकलं नाही. उजेड भरपूर हवा, एवढंच मला ठाऊक.

नवव्या दिवशी झोअँथस मिटले.
वीस होते, शर्टाच्या बटणाएवढे,
हैदराबादहून पार्सलच्या डब्यात आलेले.
बाराव्या दिवशी हिरवा गेला, मग तपकिरी,
गच्चीवर विसरलेल्या चादरीसारखे.
आमच्यात म्हणतात, रंग पक्का नव्हता.
रंग पक्काच होता.
ऊन माझं कच्चं होतं.

मग कॅल्क्युलेटर फोडला.
त्याची सौरपट्टी पेप्सीकोल्याच्या पिशवीत घातली,
मेणबत्तीवर तोंड बंद केलं,
मल्टिमीटरच्या तारा जोडल्या
आणि आडात दोर सोडावा तशी पाण्यात सोडली.
कोपऱ्यात सात. मधोमध बेचाळीस.
पुन्हा बेचाळीस! हसू आलं.

भिंगं. साठ अंशांची, मीच हौसेनं बसवलेली,
सगळा उजेड एकाच जागी ओतत होती.
चोवीसच्या चोवीस उपटली.
करंट निम्म्यावर आणला.
दिवा मागाच्या दोरीनं वीतभर वर टांगला.
आठातले दोन पांढरे काढून
पट्टीच्या बाहेरच्या कडेला लावले,
तोंड खोलीकडे, बटण वेगळं.
ते आईचे.

वहीत हिशोब: तीन हजार आठशे चाळीस, भिंगं धरून.
भिंगांशिवाय कमी झाले असते,
पण ती घेतलीच होती.
गुंडेटी मास्तरांना असाच दिवा हवाय, त्यांना वही दिली,
भिंगांच्या ओळीवर काट मारून.

काल पहाटे नळ आला तेव्हा
आई घागर खाली ठेवून टाकीसमोर थांबली.
तेरा उघडलेत.
सहा गेले, ते मी काढले, तिला सांगितलं नव्हतं.
एक मिटलेलाच आहे,
त्याला दगडाच्या सावलीत सरकवलंय.
"मेला का हा?"
"नाही."
"मग?"
"बघतोय," मी म्हणालो.
तिनं तांब्या भरून माझ्या हातात दिला.