रावेरच्या कप्प्यात मीठ

टपालखात्याची लाल गाडी लिलावात घेतली
तेव्हा पारोळ्याचा रशीद मिस्त्री बॉनेट उघडून म्हणाला,
इंजिन थकलंय, पण खोटं बोलत नाही.
त्यानेच आत झोपायला फळ्या ठोकल्या,
टपावर पाण्याची टाकी बसवली.
मी सॉर्टिंगचं जुनं कपाट भंगारातून उचललं,
सीटच्या पाठीमागे दोरीने आवळलं.
कप्प्यांवरची खडूची नावं पुसली नाहीत.
चोपड्यात मिरची,
यावलात चहापत्ती,
एरंडोलमध्ये सुई, दोरा, मेणबत्त्या,
रावेरच्या कप्प्यात मीठ.

एकतीस वर्षं गावोगावची कुत्री
माझ्या सायकलमागे धावली.
ही एकटीच पुढे धावायची, रस्ता दाखवल्यासारखी,
म्हणून सही न करता ठेवून घेतली.
नाव पावती.

चौदा महिने फिरलो आम्ही.
ज्या गावांचे नुसते शिक्के पाहिले होते,
काळे, गोल, एका बाजूला पुसट,
ती गावं पाहायची होती.
तेजपूरला चिखल होता, शिक्क्यात तो कधी दिसला नव्हता.
भुजला एका म्हातारीने पावतीला बाजरीचा रोटला दिला,
मला फक्त गुळाचा खडा.
रामेश्वरला पावती समुद्रावर भुंकली,
मग चाटून पाहिलं,
मग माझ्याकडे अशी बघत राहिली
की रावेरचा कप्पा मीच त्यात उपडा केलाय.

वैशाखात परत आलो.
कोंडाईबारीच्या घाटात गाडी दोनदा उकळली,
साक्रीनंतर वारा तव्यावरून आल्यासारखा.
पावतीच्या अंगावर ओलं गोणपाट,
ते सुकायच्या आत पुढचा पेट्रोलपंप यावा
एवढाच हिशेब.
शेवभाजीच्या ढाब्यावर एका पोराने विचारलं,
कथाईन उनात, बाबा?
चौदा महिने याचं उत्तर तयार होतं माझ्याकडे,
अमळनेर, जळगावकडे, केळी असतात ना, तिकडे.
इथे ते चालेना.
मी म्हटलं, वांग्याचं भरीत आहे का?

घरात भाडेकरू, निंबा कुवर.
भिंती पोपटी केल्यात. नळ डावीकडे गेलाय.
पावती सरळ आत शिरली,
माठाच्या तिवईखाली जाऊन पडली,
तिथे तिच्या अंगाएवढा खळगा अजून होता.
कुवरचा मुलगा घाबरून पलंगावर चढला.
मी मात्र उंबऱ्याशी चपला काढून उभा,
कुणीतरी बसा म्हणेपर्यंत.
बसा ना, चहा टाकस, त्याची बायको म्हणाली.
खुर्ची माझी होती. कप नवा.

तेवढ्यात पोस्टमन आला, मिसरूड फुटलेला पोरगा,
आणि जी पावती चौदा महिन्यांत
एकाही माणसावर भुंकली नव्हती
ती तिवईखालून उठून त्याच्यावर तुटून पडली.
मी तिचा पट्टा धरला. तो पायरीवरच थांबला.
पाकीट गॅस एजन्सीचं. नाव माझं.
हे इथंच राहतात ना? त्याने विचारलं.
कुवर माझ्याकडे बघायला लागला,
त्याची बायकोही,
पलंगावरून तो मुलगाही.
मी पोराचं पेन मागून घेतलं,
पत्त्यावर तिरकी रेघ मारली,
आणि हजारो पाकिटांवर लिहिलेला शेरा
आज स्वतःच्या नावाखाली लिहिला,
गाव सोडून गेला. प्रेषकास परत.
पोरगा म्हणाला, अक्षर भारी आहे तुमचं, काका.

रात्री सावखेड्याला, तापीकाठी, पुलाच्या अलीकडे.
नदीत पाणी गुडघ्याएवढं,
पावती त्यात पोटापर्यंत बसून राहिली,
चांदणं चाटून पाहिल्यासारखी जीभ काढून.
मी काकडी चिरली. रावेरमधून चिमूटभर घेतलं.
झोपताना सदरा काढला तर
खिशात त्या पोराचं पेन.
उद्या परत जाऊन द्यायला हवं.
किंवा पाठवीन टपालाने,
कुठून तरी.