साडेचार सूत

गिरणी बंद होऊन चाळीस वर्षं झाली म्हणतात.
करवतीच्या दात्यांसारखं छप्पर अजून आहे,
उत्तरेच्या काचांतून येणारा राखाडी उजेड आहे,
आणि फरशीत मागांचे पाय रोवल्याची भोकं, रांगेनं.
टॉडमॉर्डनमध्ये अशा शेडचा एक कोपरा
महिना साठ पौंडांना मिळतो.
तिथं उभी असते माझी लँड रोव्हर,
एकोणऐंशी सालची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी,
एका मेंढपाळाच्या बायकोनं तो गेल्यावर विकलेली.
सीटखाली लोकर, सुतळी
आणि मेंढीचा एक पिवळा दात.

हॅलिफॅक्सच्या इस्पितळात मी दिवसभर
लोकांची हाडं बघते.
श्वास धरा. सोडा.
संध्याकाळी इथं पाठीवर पडून
हिच्या चासीवर हातोडीनं टकटक करते.
चांगलं लोखंड ठण्ण बोलतं.
कुजलेलं नुसतं हं म्हणतं,
आणि शिळ्या खारीचे पडावेत तसे पापुद्रे
थेट डोळ्यांत.

परवा पुढच्या स्प्रिंगचा बोल्ट.
तीन रात्री तेल पाजलं, ज्योत दाखवली,
शिव्या दिल्या, मराठीतून,
इंग्रजीत मला अजून मनापासून जमत नाहीत.
शेवटी पाइप घालून पाना लांबवला
आणि त्यावर उभी राहिले, सगळी पासष्ट किलोची.
हलला तेव्हा असा आवाज झाला
की वाटलं, माझंच काही मोडलं.
आतले आटे लख्ख होते.
सेहेचाळीस वर्षं कुणी बघितले नव्हते.

अप्पा इचलकरंजीत जॉबर होते.
मिलिमीटर त्यांच्या तोंडात कधी आला नाही.
"चार सूत दे. ते नव्हे गं, साडेचार."
इंचाची आठ सुतं. आणि सूत म्हणजे सूतही,
त्यामुळे कितीतरी वर्षं मला वाटायचं
बोल्टसुद्धा धाग्यानंच मोजतात.
हाक आधी दादाला जायची.
पाना बरोबर मी द्यायची.

हिलाही मिलिमीटर चालत नाहीत.
पंधराचा पाना बसल्यासारखं करतो
आणि कोपरे खाऊन टाकतो.

नवं बरंच केलंय. पॉइंट काढले,
इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं,
आता जानेवारीतही पहिल्या चावीला उठते.
जुने पॉइंट टाकवले नाहीत,
ते पेपरमिंटच्या डबीत.
पुढचे दिवे बदलले, तेव्हापासून ही
मोतीबिंदू काढून आलेल्या बाईसारखी
सगळ्यांकडे जरा जास्तच टक लावून बघते.
हीटर तसाच. फुंकर घालतो,
बाकी तुमचं तुम्ही.

शेजारच्या कोपऱ्यात सटक्लिफ, शहात्तरचा,
ट्रॅक्टरची इंजिनं उघडून ठेवतो.
मिटवताना मी त्याला पाहिलेलं नाही.
पहिला महिनाभर आमच्यात फक्त हवामान झालं.
मग एकदा गाडीखाली, तेल गालावरून कानात उतरत असताना
माझ्या तोंडून गेलं, "साडेचार दे."
कुणाला म्हणाले, कोण जाणे.
बूट आले. थांबले.
फरशीवरून एकेक पाना सरकत आला:
अर्धा इंच. पाच अष्टमांश.
मग तो, बरोबर तो.
त्यानं काही विचारलं नाही.
सुताचा हिशेब मीच सांगितला नंतर, चहा घेताना,
आणि तो कागदावर न लिहिता बराच वेळ
बोटांची पेरं मोजत बसला.

मंगळवारी वार्षिक तपासणीत ही नापास झाली.
डावा आउटरिगर, मागचा ब्रेक, एक रबरी बुश.
तपासणारा पोरगा भला होता,
सुट्या भागांचे चांगले पैसे येतील, म्हणाला.
मी कागदाची घडी घालून
मेंढीच्या दाताशेजारी ठेवली.

आज पुन्हा खाली आहे.
पावसाचं पाणी छपराच्या पन्हळीतून
कुठल्यातरी भोकात टपटपतंय.
मी हात बाहेर काढते. तोंड उघडायच्या आत
वरून आवाज येतो, "सारे चार?"

"नाही," मी म्हणते. "चार."

तो थांबतो. मोजत असावा.
घाई नाही. ब्रेकचा पाइप मी
दुसऱ्या हातानं धरून ठेवलाय.