ठिपका क्रमांक एक्क्याण्णव

गारगोटीच्या पुढं डांबर संपतं तिथं
कृष्णात मोटारसायकल उभी करतो,
टेप खांद्याला अडकवतो
आणि विहिरीत वाकून आधी हाक मारतो.
विहिरीनं ओ दिली की पाणी कुठवर आहे
ते त्याला टेपेआधी कळतं.
मी तरी टेप सोडायला लावते.
वहीत हाक लिहायला रकाना नाही.

एप्रिलचे अठरा दिवस, एकशे बारा विहिरी.
वर जांभा, चाळणीसारखा. त्याखाली मुरूम.
मग मांजऱ्या खडक,
उकळी फुटताना गोठलेला,
भोकाभोकातून पांढऱ्या गारांचे डोळे वटारलेला.
मग हातभर तांबडा पट्टा, भाजलेल्या विटेचा,
आणि त्याखाली काळा पाषाण,
ज्याला आमच्याशी काही बोलायचं नसतं.
पाणी तांबड्यावर मांडी घालून बसतं.
तांबडा डोंगराच्या कुशीत उघडा पडला
की तिथं झरा.

हे मी कॉलेजात शिकले.
ठकूबाई झोरे सड्यावर शेरडं हाकत होती, तिथनंच म्हणाली,
"गेरूच्या खाली खणू नगा.
आमच्या सासऱ्यानं हौसंनं दोन हात जास्ती खणलं,
पानी भसकन खाली गेलं.
कुणाच्या डोंगरात गेलं, द्येव जाणं."
मी लिहिलं : अधांतरी जलधर, जाडी अंदाजे चार मीटर.
"काय लिवलंस?"
"तुम्ही सांगितलंत तेच. कमी शब्दांत."
"मग कोरडंच आसंल," म्हणाली, आणि शेरडामागं गेली.

नंतर ते गाव. नाव वहीत आहे, इथं नको.
दोन विहिरी,
मधे निवडुंगाचा बांध
आणि कृष्णातची सव्वीस पावलं.
एक घडीव दगडाची, पायऱ्यांची,
कोनाड्यात शेंदूर फासलेला नाग, पंप तीन.
दुसरी सिमेंटच्या कड्यांची, रहाटाचं चाक एकच,
कठड्याला निळा रंग,
त्यावर पांढऱ्यात सन एकोणीसशे एकाहत्तर.
"आमचं पाणी गोड," आबासाहेब म्हणाले,
"तिकडचं मचूळ. वाडवडलांपासून."
निळ्या कठड्यापाशी सुगंधा कांबळे
दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाली,
"त्यांचा पंप चालला का आमची घागर तळाला खरडती."

टेप सोडली.
कठड्याची उंची वजा करून
तिकडं सात मीटर चाळीस.
इकडं सात मीटर चाळीस.
कृष्णातनं ओलं टोक पँटला पुसलं,
दोन्हीकडं पुन्हा सोडली.
सात चाळीस.
क्षार मोजायचं यंत्र बुडवलं :
चारशे दहा. चारशे बारा.
आबासाहेबांनी आकडा बघितला नाही, चहा मागवला.
कृष्णातला त्यांनी सकाळपासून
तीनदा आडनाव विचारलं होतं.
त्यानं कप पायरीवर ठेवला, तसाच,
साय धरेपर्यंत.

रात्री विश्रामगृहात वीज गेलेली.
विजेरी दातात धरून मी नकाशा भरते.
एका सेंटिमीटरात अर्धा किलोमीटर.
सव्वीस पावलं पेन्सिलीच्या टोकापेक्षा बारीक.
दोन्ही विहिरी एकाच ठिपक्यात गेल्या,
क्रमांक एक्क्याण्णव.
साहेब फोनवर म्हणतात, तक्त्यातली एक ओळ कापा,
आकडा तोच तर आहे.
कृष्णात खाटेवरून विचारतो,
"म्याडम, ठिपका कुनाच्या हिरीचा?"

मी उत्तर शोधत बसले.
तक्त्यात एक्क्याण्णव अ लिहिलं, एक्क्याण्णव ब लिहिलं,
मग वाटलं, अ कुणाला दिला मी?
खोडरबर सापडेना.

पातळीची रेघ मात्र ठिपक्यातून सरळ गेली,
निवडुंग तिला लागला नाही.
ठकूबाईच्या सड्याला वळसा घालून
आजऱ्याच्या अंगाला उतरली.
पुढं विहिरी मोजायच्या राहिल्यात,
तिथून तुटक केली.

खिडकीच्या गजाला टेप वाळत घातली आहे.
शेवटच्या मीटरावरून
थेंब पडतोय अजून, फरशीवर,
आणि कृष्णात झोपेत कुठल्यातरी विहिरीला हाक मारतो.