उपाशीपोटी

कुडचड्याच्या लॅबमधली मुलगी
माझ्या दंडात शीर शोधतेय.
"मूठ आवळा, दादा."
आवळतो.
चिखलात बुजलेल्या वाटेसारखी
शीर आत कुठे गेलीय, मलाही ठाऊक नाही.

संध्याकाळी डॉक्टर फुर्ताद
पेनाच्या टोपणाने आकडे दाखवतात:
उपाशीपोटी इन्सुलिन, हवं त्याच्या तिप्पट.
टेस्टोस्टेरॉन, तळाच्या रेघेखाली.
"आणि हे इस्ट्रोजेन..." जरा थांबतात,
"हे फक्त बायकांचंच असतं असं नाही हां."

इन्सुलिन दार ठोठावतं, पेशी कडी काढत नाही.
शरीर आणखी पाठवतं. आणखी ठोठावणं.
उरलेला सगळा माल पोटावर.
आणि पोट म्हणजे नुसतं गोदाम नव्हे,
तिथे काम चालतं:
पुरुषाचं आत जातं, दुसरंच होऊन बाहेर येतं.
वर मेंदूला वाटतं, पुष्कळ आहे.
तो मागणी थांबवतो.

मागणी थांबते म्हणजे काय
ते मला शिकवायला नको.
खाण बंद पडली तेव्हा माझे तीन टिप्पर
सावर्ड्याच्या वळणावर उभे राहिले ते राहिलेच.
टायरांवर घोसाळ्याचा वेल चढला.
मी बल्कांवात. चहा, उंडो. दुपारी भात, झोप.
चारला पुन्हा चहा, उंडो.
अंगावर लाल धूळ नाही, घाम नाही.
कुणी न उचललेल्या मातीचा
एक डंप तेवढा वाढत गेला, शर्टाच्या आत.

नदीत उतरणं सोडलं,
छाती उघडी करावी लागते म्हणून.
रात्री पाठ करून निजायचो.
सुलक्षाने एकदा मधली उशी काढून ठेवली होती.
सकाळी मीच ती परत आणली.
वाटायचं, खोट माझ्यात आहे, मुळात.
आता त्या खोटीला दशांशचिन्ह आहे.
खरं सांगतो, हलकं वाटलं.

"उलटं फिरतं का हे, दोतोर?"
"फिरतं. वजन उतरलं की. पण सावकाश,
चढावर भरलेली गाडी जाते तसं."

घरी फाइल तिच्या हातात दिली.
चष्मा लावून ती वाचत राहिली,
एका ओळीवर बोट ठेवून, बराच वेळ.
"दोन वर्षं झाली माझं आटून," म्हणाली,
"गेलं कुठे ते आज कळलं."
आणि हसली. मग मीही.

बाहेर पोदेराचा भोंगा वाजला,
दारापाशी थांबून पुन्हा एकदा.
आम्ही दोघंही
उठलो नाही.