नकाशात वारा नाही

सुनावणी मंगळवारी, सकाळी अकराला.
पुन्ता लोबेराच्या होड्या तेव्हा समुद्रात.
नोटीस लावली होती म्हणे,
नगरपालिकेत, आतल्या जिन्यापाशी.

मग एक दिवस नियोजन खात्यातली पोरगी
स्वतःच आली धक्क्यावर,
बुटांत वाळू घेऊन.
एउफेमियाबाईंनी खवल्यांचे हात एप्रनला पुसले,
फडफडता नकाशा चार शिंपल्यांखाली दाबला.
‘धुराडं इथे?’
‘हो.’
‘आणि शाळा?’
शाळा कागदाबाहेर होती.

बाईंनी बोट चाटून हवेत धरलं.
‘दुपारी दोननंतर दक्षिणेचा सुटतो.
हे कुठे लिहिलंय?’

पोरगी पेन्सिल घेऊन समासात जागा शोधत राहिली.
बाईंनी मासे कापायची सुरी उचलली,
आणि कागद संपत होता तिथून पुढे
फळीवरच कोरला बाण,
शाळेपर्यंत.

आता सुनावणीला
फळीच न्यावी लागेल.