खांबावरच्या रात्री

तुलारोसाच्या दक्षिणेला, जिथे वाळू पिठासारखी पांढरी आहे,
तिथे एका खांबावर आम्ही विमान उलटं बसवायचो.
खरं नाही, नमुना. आत इंजिन नाही, वैमानिक नाही,
नुसतं अंग.
पोट आभाळाकडे, पाठ वाळूकडे,
आणि मैलभरावरून रडार त्याला विचारणार:
आहेस का?

दोन कंपन्या, दोन नमुने.
कागदावर त्यांना लांबलचक क्रमांक होते.
आम्ही रात्रपाळीची माणसं एकीला पालोमा म्हणायचो, म्हणजे पारवी,
दुसरीला कुचारा, म्हणजे चमचा.
माझं काम पुसण्याचं.
युफेमिया त्रुहेके, तंत्रज्ञ, श्रेणी तीन,
हातात सुती फडकं, पायात कापडी बूट,
आणि गळ्यात काही घालायचं नाही, क्रूससुद्धा नाही.

दोन वाजून चौदा मिनिटांनी वरून कुणाचातरी उपग्रह जायचा.
त्याआधी ताडपत्री.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात;
आमची नुसती ताडपत्रीच तेवढ्याची होती.
सतरा मिनिटं तिच्याखाली बसून
वेंडेल स्ट्रेक थर्मासमधली कॉफी ओतायचा.
तो कुचाराच्या कंपनीचा माणूस.
बोटं अशी, की अंधारात पत्र्याची जाडी सांगावीत.

पालोमा समोरून लिंबाएवढी दिसायची.
कुचारा वाटाण्याएवढी.
बाजूनं, मागून, तिरकं, कसंही फिरवा,
वाटाणाच.

फक्त एका मार्चमधल्या रात्री
पडद्यावर गोठ्याएवढं काहीतरी उजळलं.
वायरी तपासल्या. खांब तपासला. एकानं बाहेर जाऊन
कोल्हा वगैरे आहे का तेही पाहिलं.
मी शिडीवर चढले, फडकं बाजूला ठेवलं
आणि उघडा तळहात तिच्या पोटावरून फिरवत नेला,
तापातल्या पोराच्या अंगावरून नेतात तसा.
डाव्या बाजूला, सांध्याजवळ, एक स्क्रू.
पाव आट्यानं वर.
एवढंच.
पिळला, आणि गोठा पुन्हा वाटाणा झाला.
वेंडेलनं तो काढून दुसरा बसवला,
काढलेला माझ्या खिशात टाकला.
नियमाविरुद्ध होतं ते.

मग वाळवंटात खऱ्या दोघी उडाल्या.
जनरल आले, खुर्च्या मांडल्या, सरबत फिरलं.
पालोमानं गिरक्या घेतल्या, शेपटीवर उभी राहिली.
कुचारा सरळ गेली. फार वेगात, फार उंच,
आणि खुर्च्यांवरच्यांना लवकरच दिसेनाशी झाली.
पसंती मागाहून कळवतो म्हणाले.

कळली ती पेट्रोल पंपावरच्या रेडिओवर.
पालोमा.
कारणं नंतर कानावर आली, कुणाच्या ना कुणाच्या मेहुण्याकडून:
कोण वेळेत देईल, कोणाचा मागचा हिशोब फुगला होता,
कोणाचे कारखाने किती राज्यांत, किती आमदार-खासदारांच्या दारात.
वाटाण्याबद्दल कुणी काही बोललं नाही.
आणि ज्यांच्या छपरांवरून ती न दिसता जाणार होती
त्यांच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.
मीही तेव्हा विचारलं नाही. पगार चांगला होता,
धाकट्याचे दात पुढे होते, त्यांना तार बसवायची होती.

वेंडेल कॅलिफोर्नियाला परत जाताना भेटून गेला.
ट्रकच्या बॉनेटवर टेकून बराच वेळ नखं खरवडत राहिला.
मग म्हणाला,
कुणाला दिसू नये हीच तर अट होती ना, युफेमिया?
आम्ही ती जरा जास्तच पाळली.
हसला नाही.

आता मी अठ्ठ्याहत्तरची. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
सुईत दोरा नात ओवून देते.
परवा शिवणाचा डबा कलंडला,
टाचण्या, हुक, सुया सगळ्या फरशीभर.
तिनं घोड्याच्या नालासारखं लोहचुंबक फिरवलं
आणि एकूण एक टाचणी चिकटून वर आली.
झालं, म्हणाली, काही राहिलं नाही.

राहिलंय, मी म्हटलं.
आणि गुडघे टेकून,
उघडा तळहात फरशीवरून हळूहळू
फिरवायला लागले.